हृदयातली पेरणी आणि वाफसा

हृदयविकाराचा मोठा झटका आला की हृदयाच्या स्नायूतल्या सुमारे एक अब्ज पेशी मरतात. त्यांच्या जागी नव्या पेशी जवळपास येतच नाहीत. तयार होतो तो व्रण. मांडीच्या स्नायूचे तसे नाही. तिथे दुखापत झाली की तंतूंच्या कडेला निपचित पडलेल्या राखीव पेशी जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेला भाग भरून काढतात. मग याच पेशी हृदयात नेऊन सोडल्या तर?

जून २००० मध्ये पॅरिसच्या बिशा रुग्णालयात शल्यविशारद फिलिप मेनाशे यांनी हा प्रयोग माणसावर प्रथम केला. ७२ वर्षांच्या रुग्णाच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढला, प्रयोगशाळेत त्यातील पेशी वाढवल्या आणि बायपासच्या वेळी सुमारे ८० कोटी पेशी व्रणात टोचल्या. दीड वर्षाने हा रुग्ण पक्षाघाताने वारला. तेव्हा तपासणीत व्रणामध्ये स्नायूतंतू रुजलेले दिसले, पण ते मांडीच्याच जातीचे राहिले होते. हृदयाच्या पेशी विजेच्या संदेशाने एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून त्या एका तालात आकुंचन पावतात. मांडीचे तंतू ही जोडणी करत नाहीत. त्यामुळे ठोक्यांची लय बिघडण्याची धास्ती राहते.

त्याआधीची अडचण आणखी साधी आहे. टोचलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पहिल्या काही दिवसांतच मरतात. का, ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. चिखलात टाकलेले बी कुजते, वाळून कडक झालेल्या जमिनीत ते उगवत नाही. वाफसा आला की पेरायचे. झटक्यानंतरचे पहिले दिवस म्हणजे हा चिखल. त्या भागात दाह असतो, मेलेल्या पेशींची साफसफाई चालू असते आणि त्यात नव्या पेशीही सापडतात. फार उशीर केला तर व्रण घट्ट होऊन हृदयाचा कप्पा फुगलेला असतो. टोरांटोच्या रेन-के ली यांच्या गटाने उंदरांच्या इजा झालेल्या हृदयात लगेच, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी हृदयपेशी सोडून पाहिल्या. दोन आठवड्यांची वेळ सरस ठरली. योगायोग असा की रुग्णाच्या स्वतःच्या मांडीतील पेशी वाढवायलाही साधारण दोन-तीन आठवडे लागतात. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मात्र बहुतेकांचा झटका जुना होता.

वेळ साधली तरी व्रणात रक्तवाहिन्या कमी, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी. म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे ‘व्हीईजीएफ’ हे वाढीचे प्रथिन सोबत देण्याची कल्पना निघाली. हे प्रथिन सतत बनवत राहतील अशा स्नायूपेशी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांच्या हृदयात सोडल्या, तेव्हा तिथे रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या. लंडनमधील गटाने त्याच प्रथिनाची मात्रा काही काळापुरतीच ठेवली. त्यांच्या उंदरांत केशवाहिन्या वाढल्या आणि हृदयाचे काम सुधारले. खताचा हप्ता कधी थांबवायचा, हेही वेळेचेच गणित निघाले.

उंदरांवरचे हे यश माणसांत उतरलेले नाही. मेनाशे यांच्याच नेतृत्वाखालील ९७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. पेशी मिळालेल्या रुग्णांच्या हृदयाची पंपशक्ती बाकीच्यांपेक्षा सुधारली नव्हती. जपानने वेगळी वाट धरली. पेशी न टोचता त्यांचा पातळ पापुद्रा हृदयावर चिकटवायचा आणि त्यातून झिरपणाऱ्या वाढीच्या घटकांवर भिस्त ठेवायची. या उत्पादनाला २०१५ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने परिणामकारकता सिद्ध न झाल्याचे सांगून पूर्ण मान्यता नाकारली.

‘मूळ पेशींनी हृदय नवे करू’ अशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर मूळ पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी खर्चाचा आकडा विचारण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. मान्य चाचणीला तो असतोच.