पावसाळ्यातील बुरशी : भिंतीवरची आणि कणगीतली



जव्हार-मोखाड्याकडे पाऊस लागला की घर कोरडे ठेवणे कठीण होते. कुडाच्या भिंती खालून ओल धरतात, कौलांतून पाणी झिरपते आणि धुतलेले कपडे घरातच वाळत घालावे लागतात. मग भिंतीच्या तळाशी काळे-हिरवे डाग दिसतात, गोधड्यांना कुबट वास येतो. ही बुरशी होय. छत गळत असेल आणि वारा खेळत नसेल, तर सिमेंटच्या पक्क्या घरातही ती धरते.

बुरशीचे अतिसूक्ष्म बीजकण हवेत उडतात. ते श्वासावाटे आत गेले की काहींना शिंका, खोकला, डोळ्यांना खाज असा त्रास होतो. दम्याच्या रुग्णाला धाप लागते. तान्ही मुले व वृद्ध बहुतेक वेळ घरातच असतात, म्हणून त्यांना अधिक जपावे. मात्र प्रत्येक खोकल्याचा दोष ओलीला देऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी.

सफाई करताना हे लक्षात ठेवावे :

• मुले, वृद्ध व दमेकरी यांना बाहेर बसवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, नाकातोंडावर रुमाल बांधावा.

• कोरड्या झाडूने डाग झाडू नयेत; बीजकण घरभर पसरतात. पक्की भिंत साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. मातीच्या भिंतीचा खराब लेप किंचित ओला करून खरवडावा, बाहेर टाकावा आणि उघडीप मिळाल्यावर नव्याने सारवावे.

• ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

• डागावर नुसता रंग लावून उपयोग नाही. गळती थांबवली नाही, तर बुरशी पुन्हा येते.

भिंतीवरच्या बुरशीइतकेच लक्ष धान्याकडे द्यावे. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत अवकाळी पावसाने मका भिजला व त्याला बुरशी लागली. दुसरे धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. 397 जणांना कावीळ होऊन पोटात पाणी झाले. त्यांतील 106 जण दगावले. त्या घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली. कारण होते बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष. ते यकृतावर घाला घालते आणि धुऊन किंवा शिजवूनही पुरते जात नाही.

म्हणून मका, भुईमूग, भात, नागली हे सारे दाताखाली कडक लागेपर्यंत वाळवूनच साठवावे. कणगी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. बुरशीचे, रंग बदललेले किंवा कुबट वासाचे धान्य खाऊ नये, कोंबड्या-गुरांनाही घालू नये.

पण ज्या घरात तेवढेच धान्य उरले आहे, तिथे “फेकून द्या” असे सांगणे पुरेसे नाही. वस्तीवर भेटीला जाल तेव्हा कणगीत हात घालून पाहा. धान्य खराब असेल, तर त्याच्या बदल्यात चांगले धान्य त्या घरी कसे पोहोचेल, हे आधी पाहा. पावसाआधी छपरावर घालायला दिलेला ताडपत्रीचा एक तुकडाही भिंत आणि कणगी दोन्ही कोरड्या ठेवतो.