पायाचा बंद पडलेला पाट

तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या पायाच्या अंगठ्यात तोडलेल्या उसाचा खुंट घुसला. वय ५८, नऊ वर्षांचा मधुमेह, दिवसाला विडीचा एक बंडल. गृहस्थांनी जखमेत हळद भरली, चिंधी गुंडाळली आणि कामाला लागले. शेतकऱ्याच्या पायाला इतपत लागायचेच. तीन आठवड्यांनी अंगठा काळा पडला. रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच त्यांचा थोडा डोळा लागे. मुलांनी त्यांना सुरतेच्या इस्पितळात नेले. मांडीतील मुख्य रक्तवाहिनी बंद आहे, बायपास करावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी धाकटा मुलगा आमच्याकडे आला. "फादर, बैलजोडी आणि अर्धा एकर विकून पैसे उभे करतो. पण ऑपरेशन केले की पाय नक्की वाचेल ना?"

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, शरीरशास्त्र नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर सुरतेला गेलो, शल्यविशारदांशी बोललो आणि त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत आलो. समजले तेवढे येथे देत आहोत, कारण नवापूर, व्यारा, बारडोलीकडून रेल्वेने सुरतेला जाणाऱ्या पुष्कळ घरांपुढे हाच प्रश्न उभा राहतो.

काकरापारच्या कालव्यावर ज्यांनी दारे धरली आहेत त्यांना हा रोग समजणे अवघड नाही. हृदय हा बंधारा. पोटातून खाली उतरणारी महारोहिणी हा मुख्य कालवा. मांडीतील रोहिणी, म्हणजे डॉक्टर जिला धमनी म्हणतात ती, हा फाटा. गुडघ्याखालच्या तीन धमन्या या चाऱ्या, आणि पायाची बोटे ही शेपटाकडची शेते. कालव्यात गाळ धरला की पहिली ओरड कोणाची येते? शेपटाकडच्या शेतकऱ्याची. पायाचेही तसेच. ठरावीक अंतर चालले की पोटरी धरते, दोन-चार मिनिटे थांबले की सुटते. हा पहिला इशारा होय. आपल्याकडे त्याला 'वात' म्हणतात आणि वर्ष-दोन वर्षे तेल चोळण्यात जातात. मग रात्री पडल्यापडल्या पाऊल ठणकू लागते. मग न भरणारी जखम, आणि शेवटी काळे बोट. अशा पायाला तापलेल्या विटेचा शेक देणे फार वाईट. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही आणि रक्त नसल्याने भाजलेले भरून येत नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कालव्यातला गाळ पाण्याबरोबर वाहत येतो. धमनीतला गाळ, म्हणजे चरबी आणि चुना, तिच्या भिंतीतच धरतो आणि अंगभर धरतो. ज्याच्या पायाची धमनी बंद, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा निर्दोष नसतात. नुसती पोटरी धरणाऱ्या १०० रोग्यांपैकी पाच वर्षांत पाय गमावणारे दोन-तीनच असतात, पण त्याच पाच वर्षांत १० ते १५ जण मरण पावतात, आणि त्यांतले पुष्कळ हृदयविकाराने. म्हणून नुसत्या पोटरीच्या दुखण्याला डॉक्टर लगेच सुरी लावत नाहीत. विडी सोडा, साखर आणि रक्तदाब आवरा, ॲस्पिरिन आणि चरबीवरची गोळी घ्या, आणि चाला, असे ते सांगतात. पोटरी धरेपर्यंत चालायचे, थांबायचे, सुटली की पुन्हा चालायचे. रोज अर्धा-पाऊण तास आणि निदान तीन महिने असे केले तर बहुतेकांचे चालण्याचे अंतर वाढते. बंद फाट्याच्या बाजूने लहान-लहान पाझर मोठे होतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

रात्री दुखणारा आणि काळा पडू लागलेला पाय हे वेगळे प्रकरण. तेथे वाट पाहिली तर वर्षभरात दर १०० पैकी सुमारे ३० जणांचा पाय जातो आणि २५ जण जगत नाहीत. तेथे रक्त पोचवावेच लागते.

रक्तवाहिनी शिवण्याची विद्या जुनी नाही. १८९४ साली फ्रान्समधील ल्याँ शहरात राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना एकाने भोसकले. पोटातील मोठी रक्तवाहिनी कापली गेली आणि ती शिवता येईना, म्हणून ते गेले. तेथल्याच अलेक्सिस कॅरेल नावाच्या तरुण डॉक्टराला हे लागून राहिले. ल्याँ हे रेशमाचे शहर, जशी आपली सुरत जरीची. कॅरेल एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला शिकले, आणि रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामाबद्दल त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ साली पॅरिसमध्ये कुन्लिन यांनी रोग्याच्याच पायातील लांब नीला काढून बंद धमनीला वळसा घालणारा पाट बांधला. आजचा पायाचा बायपास तो हाच. नीलेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून बसवतात किंवा आतल्या झडपा कापून टाकतात. १९५४ साली अमेरिकेत डिबेकी यांनी कापडाची नळी केली. दुकानात नायलॉन संपले होते म्हणून डेक्रॉन घेतले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर शिवले. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, ज्याच्या साड्यांवर सुरतेचे हजारो माग चालतात. पोटातल्या मोठ्या धमनीला ही नळी उत्तम चालते. पण गुडघ्याखाली आपली स्वतःची नीलाच खरी. तेथे घातलेल्या कृत्रिम नळ्या पाच वर्षांत निम्म्याहून अधिक बंद पडतात, आणि चांगल्या नीलेचे पाट १०० पैकी सुमारे ७० चालू राहतात.

दुसरा मार्ग फुग्याचा. जांघेतून बारीक तार घालून अडलेल्या जागी फुगा फुगवायचा, गरज पडली तर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवायचा. पोट किंवा मांडी फाडायची नाही, भूल फक्त जागेपुरती, एक-दोन दिवसांत घरी. पण लांब अडथळा असला तर फुग्याने उघडलेली वाट वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा पुन्हा अरुंद होते. दोहोंत चांगले कोणते? मोठ्या डॉक्टरांचेही यावर एकमत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या १,८३० रोग्यांच्या पाहणीत ज्यांची नीला चांगली होती त्यांना बायपास अधिक लाभला. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, इंग्लंडकडील ३४५ रोग्यांच्या पाहणीत गुडघ्याखालचा अडथळा असलेल्यांत फुगा सरस ठरला. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी एक सुचवले आणि शेजाऱ्याच्या डॉक्टरांनी दुसरे, म्हणून कोणी फसवते आहे असे समजू नये. नीला कशी आहे, हृदय कसे आहे, अडथळा कोठे आहे, यावर ते ठरते.

आता ज्याबद्दल घरची माणसे विचारायला कचरतात ते सांगतो. अमेरिका व कॅनडा येथे नीलेचा बायपास झालेल्या १,४०४ रोग्यांचा हिशेब २००६ साली छापून आला. पहिल्या ३० दिवसांत दर १०० पैकी तीन जण दगावले, पाच जणांना हृदयविकाराचा झटका आला, पाच जणांचा नवा पाट बंद पडला, पाच जणांची जखम मोठी बिघडली आणि दोघांचा पाय तरीही कापावा लागला. हे नामांकित इस्पितळांतील आकडे आहेत, आणि तेही धड पायांचे नव्हेत, सडू लागलेल्या पायांचे.

पाट बंद पडण्याची कारणे काळाप्रमाणे बदलतात. पहिल्या महिन्यात बंद पडला तर बहुधा शिवणीत, नीलेत किंवा पुढच्या वाटेत दोष असतो. महिना ते दोन वर्षे या काळात नीलेच्या आतून जाड पेशी वाढतात आणि जोडाची जागा आवळते. त्यानंतर मूळ रोगच पुढे सरकतो. शल्यविशारदांनी आम्हाला आणखी एक गोष्ट समजावली आणि ती ऐकताना आम्हाला शेतच दिसले. नवा पाट कितीही चांगला बांधा, पुढच्या चाऱ्या बुजलेल्या असतील तर पाणी तुंबते आणि पाट आपोआप भरतो. म्हणून ऑपरेशनाआधी ते पावलापर्यंतच्या तिन्ही धमन्यांचा नकाशा काढतात. एकही चारी उघडी नसेल तर उत्तम हाताचाही इलाज चालत नाही.

जांघेची जखम चिघळणे हे नेहमीचे, मधुमेह्यांत अधिक. कृत्रिम नळीपर्यंत पू पोचला तर ती काढावी लागते, आणि तेव्हा पायच नव्हे, जीवही धोक्यात येतो. फुग्याच्या उपचारात सुईच्या जागी रक्त साकळते, कधी गाळाचा तुकडा सुटून बोटात अडकतो, आणि तपासणीचे औषध अशक्त मूत्रपिंडाला बाधते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधीच सांगावे. बायपासनंतर पाय सुजतो. ही सूज काही आठवडे, कधी महिने राहते. एवढ्यावरून ऑपरेशन फसले असे मानू नये. पण फार वेळ कोरड्या राहिलेल्या पायात एकदम रक्त सोडले की पोटरी दगडासारखी टणक होते आणि बोटे हलवताना असह्य कळ येते. तेव्हा पोटरीची आवरणे लांब चिरून मोकळी करावी लागतात. त्या उघड्या जखमा पाहून घरचे घाबरतात. त्या पाय वाचवण्यासाठीच केलेल्या असतात.

आपल्या तरुणांना एक निराळा रोग होतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे वर्णन केले. चाळिशीच्या आतबाहेरचा पुरुष, मधुमेह नाही, चरबी नाही, फक्त विडी. हातापायांच्या बारीक धमन्या सुजून बंद होतात. येथे सगळ्या चाऱ्याच बुजलेल्या, म्हणून बायपास क्वचितच जमतो. कमरेतल्या मज्जातंतूंचा धागा कापतात, पोटातील चरबीचा पदर पायात उतरवतात. काहींची जखम भरते, रात्रीचे दुखणे कमी होते, पण रोग थांबत नाही. तो थांबवतो तंबाखूचा त्याग. १९९० साली अमेरिकेत छापलेल्या एका पाहणीत, पाय सडण्यापूर्वी ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यापैकी १०० तील ९४ जणांना काहीच कापावे लागले नाही, आणि ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातील ४३ जणांना बोट किंवा पाय गमवावा लागला. 'दिवसाला दोनच ओढतो' हे येथे चालत नाही. मिसरी आणि तंबाखूचा विडाही चालत नाही. आमचीच काही कुटुंबे उन्हाळ्यात विडीसाठी टिमरूची पाने गोळा करतात. त्यांना आम्ही दोष देत नाही, पोट आहे. पण पाने गोळा करणाराच ओढतो तेव्हा वाईट वाटते.

आणखी एक प्रसंग घाईचा असतो. पाय अचानक थंड, पांढराफटक आणि बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर हृदयातून सुटलेली गुठळी अडकलेली असू शकते. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन ज्यांच्या हृदयाची झडप बिघडली आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. १९६३ साली फोगार्टी यांनी काढलेल्या फुग्याच्या नळीने गुठळी ओढून काढता येते, पण सुमारे सहा तासांच्या आत. त्या रात्री भगताकडे, मालीश करणाऱ्याकडे किंवा आमच्याकडे आशीर्वादासाठी येऊ नये, सरळ गाडी करून सुरत गाठावी. आशीर्वाद आम्ही मागून येऊन देऊ.

त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, जमीन विकण्यापूर्वी आयुष्मान कार्ड इस्पितळाच्या खिडकीवर दाखव आणि हे ऑपरेशन त्यात बसते का ते लेखी विचार. गुजरातेत २०२३ च्या जुलैपासून त्या योजनेत कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे, पण ती फक्त नोंदलेल्या इस्पितळांत. दोन, 'नक्की' हा शब्द कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. आणि पाय कापावाच लागला तर गुडघा वाचतो का हे विचारावे. गुडघा राहिला तर जयपूर फूट घालून माणूस चिखलात उतरतो. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो पाय उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसासाठीच बनवला.

गृहस्थांचा बायपास झाला. अंगठा गेला, पाय राहिला. चौदा महिन्यांनी डॉप्लरच्या तपासणीत जोडाची जागा अरुंद झालेली सापडली. काही दुखत नव्हते, तरी तारखेला गेले म्हणून सापडली. फुग्याने ती उघडली. विडी पहिल्या सहा महिन्यांत दोनदा सुटली आणि दोनदा धरली. आता एक वर्ष बंद आहे, असे त्यांची पत्नी सांगते, आणि तिच्या सांगण्यावर आमचा विश्वास आहे. रोज रात्री ती कंदिलासारखी बॅटरी धरून त्यांचे तळवे आणि बोटांच्या फटी पाहते. शेतात ते बंद बूट घालतात, घालण्यापूर्वी उलटे करून आपटतात. पुढची तपासणी भाताच्या लावणीआधी आहे.