बुद्धिबळ शिकायचे वय निघून जात नाही

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीला हरवले आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. महिला संघात दिव्या होती, तर खुल्या गटात आपल्या शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी होता. अशा बातम्या आल्या की मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालायची चर्चा घरोघरी सुरू होते. ते चांगलेच आहे.

पण गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात या खेळाची आवड असलेला आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, शाळेत शिकवणारे, दुकान सांभाळणारे, पंचविशी ते चाळिशीतले हे तरुण-तरुणी. सगळ्या चाली येतात, रात्री मोबाइलवर पाच-दहा डाव होतात, पण खेळ दोन वर्षांपूर्वी होता तिथेच आहे. मग ऐकायला मिळते, "आता वय गेलं." आणि त्याच्या पाठोपाठ, "त्याला डोकं लागतं, ते उपजतच असावं लागतं."

हे दुसरे वाक्य आपल्या समाजाला नवीन नाही. अमुक काम अमुक घरात जन्मलेल्यालाच जमते, हे ऐकत आपल्या किती पिढ्या गेल्या. म्हणून बुद्धिबळाच्या बाबतीत तरी त्यात तथ्य किती, ते आपण तपासून पाहू.

उपजत बुद्धी की ओळखीच्या मांडण्या?

१९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि मग दुसऱ्या पटावर आठवून मांडायला सांगायचे. तरबेज खेळाडूने बहुतेक सोंगट्या बरोबर ठेवल्या, नवख्याला मोजक्याच जमल्या. इथवर 'उपजत स्मरणशक्ती' हे उत्तर पटण्यासारखे आहे. पण नंतर त्यांनी त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या आणि पुन्हा विचारले. आता तरबेज खेळाडू आणि नवखा यांच्यात फारसा फरक उरला नाही.

याचा अर्थ काय? मोठ्या खेळाडूची स्मरणशक्ती वेगळ्या जातीची नसते. त्याने हजारो डाव पाहून, खेळून सोंगट्यांच्या काही रचना ओळखीच्या करून घेतलेल्या असतात. आपण 'गंगापूर' हा शब्द एकेक अक्षर जुळवून वाचत नाही, पाहताक्षणी ओळखतो. तसेच त्याचे होते. डच संशोधक आद्रियान द ग्रूट यांनाही त्याआधी असे आढळले होते की ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार जास्त चाली पुढचे पाहतात असे नाही. नेमके काय पाहायचे ते त्यांना लवकर दिसते. अशी ओळख सरावाने तयार होते. वाचायला उशिरा शिकलेला माणूसही पुढे सहज वर्तमानपत्र वाचतोच.

भोपाळचे मोहम्मद रफीक खान सुतारकाम करत. १९७६ साली, वयाच्या तिशीत, ते राष्ट्रीय विजेते झाले आणि १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. हाताला रंधा असल्याने त्यांचे डोके चालायचे थांबले नाही.

तरीही खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. लहान मुले लवकर शिकतात आणि त्यांच्याकडे वेळही असतो. तिशीत गंभीरपणे सुरुवात करून ग्रँडमास्टर होता येईल, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. पण जिल्हा स्पर्धेत ताठ मानेने बसता येईल, रेटिंग मिळवता येईल, आपल्याच गावातल्या मुलांना नीट शिकवता येईल, इतका खेळ कमावणे शक्य आहे. त्यासाठी सरावाची पद्धत बदलावी लागते.

डाव हरतो कुठे?

हौशी खेळाडूंना वाटते की आपल्याला ओपनिंग येत नाही म्हणून आपण हरतो. आपलेच गेले दहा हरलेले डाव काढून पाहा. बहुतेक ठिकाणी कारण साधे सापडेल. घोडा फुकट गेला, वजीर आणि राजा एकाच वेळी माऱ्यात आले, मागच्या ओळीवर मात झाली. म्हणजे एक-दोन चालींचा धोका दिसला नाही.

यावर उपाय एका सवयीचा आहे. समोरच्याने चाल केली की आधी स्वतःला विचारा, ही चाल कशासाठी? तिने नवे काय माऱ्यात आले? मग स्वतःची चाल मनात ठरवा, पण हात पुढे करू नका. ही चाल केल्यावर समोरचा कुठून शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाला धमकावू शकतो, ते तपासा. शह, मार, धमकी या क्रमाने. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते. काही महिन्यांत ते आपोआप होऊ लागते आणि फुकट जाणाऱ्या सोंगट्या कमी होतात.

जोडीला रोज वीस मिनिटे कोडी सोडवा. दुहेरी मारा, पिन, उघडा शह, मागच्या ओळीवरची मात, असा एकेक विषय घ्या. रोज नवी शंभर कोडी पाहण्यापेक्षा तीच दोनशे कोडी चार वेळा सोडवणे जास्त उपयोगी, कारण आपल्याला रचना ओळखीच्या करून घ्यायच्या आहेत. सोंगटी हलवण्याआधी पूर्ण उत्तर मनात सोडवा. अंदाजाने बोट लावणे हा सराव नव्हे. लिचेस हे संकेतस्थळ आणि त्याचे अॅप पूर्ण मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि विषयवार कोडीही मिळतात. क्लासची फी परवडत नाही म्हणून कोणी अडून राहू नये.

रात्रीचे तीन मिनिटांचे डाव

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटांवरील खेळांचा उल्लेख आहे. भिक्षूंनी टाळायच्या वेळखाऊ करमणुकींच्या यादीत ते येतात. आजचे बुद्धिबळ त्यानंतर घडले आणि तो नियम भिक्षूंसाठी होता. तरीही त्यामागचा इशारा रात्री एक वाजता "आणखी एकच डाव" म्हणणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो.

तीन मिनिटांच्या डावात विचाराला वेळच नसतो. जे आधीपासून येते तेच आपण पुन्हा पुन्हा करतो, चुकाही त्याच पुन्हा करतो आणि त्या पक्क्या होतात. म्हणून आठवड्यातून किमान एक डाव लांब खेळा, प्रत्येकाला पाऊण तास ते एक तास देऊन. शक्यतो खऱ्या पटावर, समोर माणूस बसलेला. स्पर्धा तशाच होतात. मोबाइलवर सपाट दिसणारा पट आणि टेबलावरचा पट यांत डोळ्याला फरक पडतो.

वही

प्रत्येक लांब डाव लिहून ठेवा. डाव संपल्यावर लगेच संगणकाला विचारू नका. आधी समोरच्या खेळाडूसोबत बसून डाव पुन्हा मांडा. तू इथे काय विचार केलास, मी काय पाहिले, कोणती चाल दिसलीच नाही, हे बोला. जिंकलेला डावही तपासा. मगच संगणकाला दाखवा आणि आपले मत कुठे चुकले ते पाहा. संगणक बरोबर चाल सांगतो. आपण चुकीची चाल का केली, हे त्याला माहीत नसते. ते आपल्यालाच शोधावे लागते.

प्रत्येक डावाखाली एकच ओळ लिहा. "वेळ शिल्लक असताना घाई केली." "प्यादे पुढे ढकलले आणि राजा उघडा पडला." वीस डावांनंतर त्या ओळी वाचा. तीच दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा दिसतील. पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तोच. बाहेरून कोणी प्रशिक्षक आणायची गरज नाही.

शेवट आधी, सुरुवात नंतर

कमी सोंगट्यांचा शेवट शिकणे हे कमी वेळ असलेल्या माणसासाठी सगळ्यात फायद्याचे. ते एकदा कळले की जुने होत नाही. पहिला धडा राजा आणि प्याद्याचा. पांढरा राजा ई५ वर, पांढरे प्यादे ई४ वर, काळा राजा ई७ वर. खेळायची पाळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. पाळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. सोंगट्या त्याच, घरे तीच, फक्त पाळी वेगळी. असे का होते, हे दोघांनी बसून अर्धा तास खेळून पाहा. कळले की अनेक हरलेले शेवट वाचतील.

दुसरा धडा हत्तीचा. समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादे, आपल्याकडे फक्त हत्ती, आणि आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेवर उभा. अशा वेळी आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर धरून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचे नाही. प्यादे त्या ओळीवर आले की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. डाव बरोबरीत सुटतो. फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांनी अठराव्या शतकात दाखवलेली ही रीत आजही तशीच चालते.

ओपनिंगसाठी तीनच गोष्टी पुरतात. पांढऱ्याकडून एक सुरुवात, काळ्याकडून राजापुढच्या प्याद्याला एक उत्तर आणि वजिरापुढच्या प्याद्याला एक उत्तर. पंधरा चाली पाठ करू नका. क्लबमधला समोरचा खेळाडू पाचव्या-सहाव्या चालीलाच पुस्तक सोडतो. सोंगट्या कुठे बसवायच्या आणि का, एवढे कळले तरी भागते.

मुलांकडून हरणे आणि रेटिंगचा हिशेब

पहिल्या रेटेड स्पर्धेत दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून हरले की बरेच प्रौढ खेळाडू पुन्हा स्पर्धेला जात नाहीत. इथे थोडा हिशेब समजून घेऊ.

दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून दर डावामागे ०.७६ गुणांची अपेक्षा धरली जाते, म्हणजे दहा डावांत साडेसातच्या आसपास. दहापैकी अडीच गुण खालच्याला जाणार, हे सूत्रातच धरलेले आहे. रेटिंग किती वेगाने बदलावे यासाठी फिडे एक गुणक वापरते. तीस डाव झालेल्या, २४०० खालच्या प्रौढासाठी तो २० असतो. म्हणून २०० गुणांनी खालच्याकडून हरलात तर सुमारे १५ गुण जातात आणि वरच्याला हरवलेत तर तेवढेच मिळतात. अठरा वर्षांखालील मुलांचा गुणक, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, ४० असतो. मुले इतक्या वेगाने सुधारतात की त्यांचे रेटिंग खऱ्या खेळाच्या मागेच राहते, म्हणून ही सोय. समोरच्या मुलाच्या नावापुढचा आकडा जुना असू शकतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

रेटिंग मिळवण्यासाठी आधीच रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. मार्च २०२४ पासून १४०० च्या खालचे रेटिंग फिडे प्रसिद्ध करत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन स्पर्धांनंतर यादीत नाव दिसले नाही तरी खचू नका. वर्षाचा हिशेब रेटिंगच्या आकड्यापेक्षा वहीतल्या ओळींवरून करा.

गंगापुरात काय करता येईल?

वीस मिनिटे कोडी आठवड्यातले सहा दिवस म्हणजे दोन तास. एक लांब डाव, दोन तास. त्याची तपासणी, एक तास. शेवटच्या मांडण्या, अर्धा तास. आठवड्याला साडेपाच तास होतात. शिफ्ट, घर आणि चळवळीचे काम सांभाळून एवढे निघू शकतात, पण एकट्याने ते टिकत नाही. म्हणून मंडळ हवे.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि आयुष्यभर चालवले. भाग्यश्री साठे-थिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू त्याच सांगलीतून पुढे आल्या. सांगली काही मुंबई-पुणे नव्हे. तिथे माणसे नियमाने एकत्र बसत राहिली.

आपल्याकडे सुरुवातीला दोन पट, चार माणसे आणि एक ठरलेला वार पुरेसा आहे. विहाराचे सभागृह किंवा वाचनालयाचा एक कोपरा चालेल. घड्याळाचे काम मोबाइलवरचे अॅप करते. वेळ अशी ठेवा की बहिणी आणि वहिनींनाही येता येईल, नाहीतर मंडळ अर्धेच राहील. पहिला अर्धा तास कोडी, मग एक लांब डाव, मग दोघांनी मिळून तपासणी. चार माणसांपैकी दोघे आले तरी बैठक रद्द करायची नाही. महिन्यातून एक दिवस मुलांना शिकवायला ठेवा. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय नीट कळलेले नाही, ते लगेच उघडे पडते.

मुलांसाठीही हे गरजेचे आहे. शहरातल्या क्लासला रोज जाणे गंगापूरच्या प्रत्येक घराला परवडणार नाही. पण आठवड्याला साडेपाच तास मनापासून देणारी दहा मोठी माणसे गावात असतील, तर मुलांना पहिला गुरू शोधायला संभाजीनगरला जावे लागणार नाही. येत्या रविवारी एक पट घ्या आणि एका मित्राला बोलवा. वही विसरू नका.