बाजरीचे दप्तर

बियाण्याच्या पिशवीवरचे नाव आपण क्वचितच नीट वाचतो. ‘एएचबी १२०० एफई’ हे नाव एकदा अक्षरे सुटी करून वाचा. ‘ए’ म्हणजे औरंगाबाद, ‘एच’ म्हणजे हायब्रीड, ‘बी’ म्हणजे बाजरा आणि शेवटचे ‘एफई’ ही लोहाची रासायनिक खूण. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, बियाण्याच्या नावात मात्र जुने शहर तसेच राहिले आहे. याच शहराच्या पैठण रस्त्यावर राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाचे रान आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बाजरी संशोधन तिथे चालते. विद्यापीठाचा हा वाण २०१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी आला. ७८ दिवसांत काढणीला येतो, हेक्टरी ३२ क्विंटलच्या आसपास उतारा देतो आणि त्याच्या किलोभर दाण्यांत ७३ मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या बाजरीत ते ४५ ते ५० असते. त्याचा भाऊ ‘एएचबी १२६९ एफई’ तर ९१ पर्यंत जातो.

हे आकडे काठवटीत आणून पाहू. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर साध्या बाजरीच्या भाकरीतून साडेचार-पाच मिलिग्रॅम लोह पोटात जाते आणि १२०० च्या भाकरीतून सात मिलिग्रॅमहून थोडे जास्त. दोन भाकऱ्या खाणाऱ्या बाईला रोजचे पाच मिलिग्रॅम लोह वाढून मिळते, आणि त्यासाठी तिला गोळी घ्यावी लागत नाही की चव बदलावी लागत नाही. ते सगळे अंगी लागत नाही हेही खरे, कारण बाजरीतले फायटिक आम्ल बरेचसे लोह अडवून धरते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, हे ध्यानात घेतले की पाच मिलिग्रॅमची किंमत कळते. निम्म्याहून जास्त बायका. आपल्या घरातल्या, शेजारच्या, रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या.

हे लोह दाण्यात आले कुठून? बाहेरून कोणी घातलेले नाही, दुसऱ्या जीवाचे जनुकही आणून बसवलेले नाही. बाजरीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दप्तरात ते होतेच. शोधणाऱ्यांनी ते शोधून काढले आणि एका वाणात गोळा केले.

आधी शोध दाण्याचा. कोणत्या कणसात लोह जास्त हे डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी दाणे दळून, आम्लात विरघळवून तपासावे लागत, म्हणजे तपासलेला दाणा हातचा जाई. आता दाण्यांच्या छोट्या वाटीवर क्ष-किरण सोडतात. लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेचे किरण परत टाकतात आणि ते मोजले की लोहाचा अंदाज येतो. दाणा शाबूत राहतो आणि तोच पुन्हा पेरता येतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या बियाणे-कोठारात जगभरातून गोळा केलेले बाजरीचे वीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांतल्या मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाकडच्या ‘इनियारी’ बाजरीने या कामात फार मोठा हात दिला. टपोऱ्या, करड्या दाण्यांची, लवकर येणारी ही बाजरी. तिच्यातून निवडलेल्या ‘आयसीटीपी ८२०३’ या वाणाची लोहासाठी पुन्हा निवड करून ‘धनशक्ती’ घडली. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धुळ्याचे केंद्र यांचे हे काम २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले.

मग शोध आईबापांचा. लोहाचा गुण एकट्या जनुकावर बसलेला नाही. मातीतले लोह विरघळवून मुळात घेणे, ताटातून वर नेणे, दाण्यात साठवणे, या प्रत्येक टप्प्यावर अनेक जनुके थोडा थोडा भार उचलतात आणि त्यांचा परिणाम बेरजेने वाढतो. म्हणून संकरित वाणाची आई लोहवान आणि बाप साधा असेल तर लेकराच्या वाट्याला मधलेच काहीतरी येते. दोन्हीकडून लोह यायला हवे. दोन्ही बाजूंचे वाण वेगवेगळे सुधारायचे आणि मग जुळवायचे, यात पैदासकाराची वर्षानुवर्षे जातात.

हे जुळवणे कसे होते ते समजायला खरिपात बाजरी निसवते तेव्हा एखादे कणीस जवळून पाहावे. पोटरीतून बाहेर पडल्यावर त्यावर आधी पांढुरक्या पिसांसारखे केसर दिसू लागतात. ते स्त्रीकेसर. परागाच्या पिशव्या दोन-चार दिवसांनी लोंबू लागतात. एकाच कणसात बाई आधी जागी होते आणि बाप्या मागून. त्यामुळे वाऱ्यावर येणारा दुसऱ्या ताटाचा पराग आधी बसतो आणि बाजरी मुळातच मिसळत राहते. पैदासकार कणीस निसवताच त्यावर कागदी पिशवी चढवतो, टाचणी लावतो, तारीख लिहितो आणि हवा तो पराग दुसऱ्या पिशवीतून आणून त्यावर झटकतो. जनुकशास्त्राचे यंत्र कितीही महाग असो, त्याची सुरुवात या कागदी पिशवीपासून होते.

पण शेतकऱ्यांना पुरेल इतके संकरित बियाणे हाताने पिशव्या चढवून होणार नाही. त्यासाठी जिच्या कणसात परागच तयार होत नाही अशी आई लागते. अमेरिकेतल्या जॉर्जियात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी अशी आई मिळवली. तिचे नाव ‘टिफ्ट २३ए’. तिच्यावर लुधियानात डी. एस. अठवाल यांनी १९६५ मध्ये ‘एचबी १’ हा धान्यासाठीचा जगातला पहिला व्यापारी संकरित बाजरीचा वाण काढला. पीक दणकून आले. पण पुढचे सगळे गाजलेले संकरित वाण याच एका आईची लेकरे होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी आला. कणसात दाण्याऐवजी हिरवी पाने जटेसारखी वाढतात, म्हणून शेतकऱ्याने बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या या रोगाला दिलेले हे नाव. आई एक, म्हणून खोट एक, आणि रोगाला सगळी रानेच्या राने एका किल्लीने उघडता आली. मराठवाड्यावर त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळही कोसळला.

पुढे १९९४ मध्ये बाजरीच्या गुणसूत्रांचा पहिला रेणवीय नकाशा तयार झाला. गोसाव्याला अडवणारी ठिकाणे गुणसूत्रांच्या सात जोड्यांवर कुठे आहेत हे त्याच्या आधारे शोधता आले. रोपाच्या पानाचा तुकडा तपासून ते ठिकाण त्यात आले आहे की नाही हे कळू लागले. रोग येईपर्यंत थांबायची गरज उरली नाही. हरियाणाचा ‘एचएचबी ६७’ हा वाण गोसाव्याला बळी पडू लागला होता. त्याचे आईबाप या खुणांच्या आधारे दुरुस्त करून २००५ मध्ये ‘एचएचबी ६७ सुधारित’ आला. सार्वजनिक क्षेत्रात अशा पद्धतीने घडून शेतात पोचलेला हा भारतातला पहिला संकरित वाण.

२०१७ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात बाजरीचा सगळा जीनोम छापून आला. तेव्हा इक्रिसॅटमध्ये असलेले राजीव वार्ष्णेय आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी यांचे हे काम. जीनोम म्हणजे पेशीतले सगळे दप्तर. ते चार अक्षरांत लिहिलेले असते आणि बाजरीच्या दप्तरात १७९ कोटींच्या आसपास अक्षरे आहेत. तांदळात ती चाळीस कोटींच्या आत-बाहेर. बाजरीत जनुके अंदाजे ३८,५७९ मोजली गेली. वाचनासाठी निवडलेली बाजरी टिफ्ट २३ च्याच घराण्यातली. जिने संकरित बाजरी दिली, जिच्यामुळे गोसाव्याचा घाव बसला, तिचेच दप्तर पहिल्यांदा उघडले गेले, ही गोष्ट मला फार हलवून जाते.

असे दप्तर सलग वाचणारे यंत्र तेव्हा नव्हते. डीएनएचे लाखो बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि कडा जुळवत सांधत जायचे. एकाच पोथीच्या शंभर प्रती फाडून त्या तुकड्यांतून पुन्हा पोथी लावावी तसे. बाजरीत अडचण अशी की तिच्या दप्तराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पुनरुक्तीचा आहे. अभंगाचे नुसते ध्रुवपद हाती आले तर ते कोणत्या कडव्यानंतरचे हे सांगता येत नाही, तशी सांधणाऱ्यांची गत होते. तरीही ते झाले, आणि त्यासोबत ९९४ वाणांचे जीनोम त्याच्याशी ताडून वाचले गेले. कोणते वाण एकमेकांचे जवळचे, कोणते दूरचे, कोणत्या दोघांचा संकर जोमदार निघेल, हे आधी आकड्यांत मांडता येऊ लागले. एका आईवर सगळी जोखीम घेण्याची चूक टाळायला याहून चांगले साधन नाही.

त्या वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. मेण बनवणारी जनुके बाजरीत ठळकपणे जास्त निघाली. पानावरचा मेणाचा थर पाणी उडू देत नाही. वैजापूर-गंगापूरकडच्या हलक्या, मुरमाड रानात पावसाने वीस दिवस दडी मारली तरी बाजरी तग धरते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक असावे असे अभ्यासकांना वाटते.

पण दप्तरात नोंद असणे वेगळे आणि ती अमलात येणे वेगळे. तहसील कचेरीचे मूळ दप्तर बाहेर जात नाही, आपल्याला मिळते ती नक्कल. पेशीतही तसेच. डीएनए केंद्रकातच राहतो आणि लागेल त्या जनुकाची आरएनए ही नक्कल निघते. मुळाच्या पेशीत आणि दाण्याच्या पेशीत दप्तर एकच, पण नकला वेगळ्या. उन्हाचा ताण पडला की काही जनुकांच्या नकला भराभर निघतात, काहींच्या बंद होतात. याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ती मोजणे म्हणजे कोणती नक्कल किती निघाली याचे आवक-जावक रजिस्टर तपासणे. आरएनए फार नाजूक. पान तोडले की क्षणात उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचे, गोठलेले खलात कुटायचे, हातमोजे काढायचे नाहीत, कारण आपल्या बोटांवरची विकरेही आरएनए खाऊन टाकतात. मग त्या नकलांवरून उलट डीएनए बनवून तो वाचायचा आणि मोजायचा.

या पद्धतीने एक घरगुती कोडे सुटले. बाजरीचे पीठ टिकत नाही हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. माझी आजी आठवड्यापुरतेच दळण द्यायची. जास्त दिवस गेले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि कडवट वास येतो. यात गिरणीचा दोष नाही. बाजरीच्या दाण्यात तेल भरपूर असते. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आणि त्याला तोडणारे लायपेज विकर वेगवेगळे असतात, दळताना दोघांची गाठ पडते. इक्रिसॅटच्या गटाने लवकर कडू होणाऱ्या आणि न होणाऱ्या वाणांचे पीठ २१ दिवस ठेवून सुटी होणारी मेदाम्ले मोजली. मग लायपेजची जनुके आणि त्यांच्या नकला तपासल्या. कमी कडू होणाऱ्या वाणांत या जनुकांची नोंदच मध्ये तुटलेली निघाली. खात्रीसाठी स्वतःचे लायपेज हरवलेल्या यीस्टमध्ये बाजरीचे जनुक घातले. अख्खे घातले तर काम सुरू झाले, तुटके घातले तर नाही. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आता पैदासकार ही तुटकी नोंद शोधून चांगल्या वाणांत आणू शकतात. बाजरीचे पीठ महिनाभर टिकले तर ते शहरातल्या दुकानात सहज मिळेल, आणि गावच्या बाजरीला गिऱ्हाईक मिळेल.

जनुकांचे असे वाचन छत्रपती संभाजीनगरातही चालते. तिथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात पॉल हेबर्ट डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. तिथे सगळा जीनोम न वाचता एकाच जनुकाच्या साडेसहाशे अक्षरांवरून प्राणी ओळखतात. प्रा. गुलाब खेडकर यांच्या गटाने नर्मदेच्या खोऱ्यातल्या १७ ठिकाणांहून ८२० मासे गोळा केले आणि ८५ जाती पक्क्या केल्या. पूर्वी नोंदलेल्या ४३ जाती त्यांना सापडल्याच नाहीत. जनुकांचा अभ्यास म्हणजे दूरदेशीची गोष्ट, असे इथल्या विद्यार्थ्याने मानायचे कारण नाही.

लोहाच्या बाजरीची शेवटची परीक्षा मात्र माणसाच्या रक्तात होते. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ती झाली. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना दोन गटांत विभागले. एका गटाला किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोहाच्या बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्यांपैकी पहिल्या गटातल्या मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बाजरी प्रकल्पाने नवा वाण पुढे नेण्यासाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त ही अटच घातली.

तरी बाजारात ही बाजरी वेगळी मिळत नाही. आडतीवर सगळ्या वाणांचे दाणे एका ढिगात पडतात. लोह दिसत नाही, चाखता येत नाही, म्हणून त्याला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून शेतकरी वाण वेगळा ठेवत नाही. रेशन दुकान, अंगणवाडी आणि शाळेची खिचडी या तीन ठिकाणी लोहसमृद्ध वाण नावानिशी विकत घेतला गेला तर ही साखळी तुटेल, असे माझे ठाम मत आहे. ते सरकारचे काम. आपले काम त्याहून सोपे आहे. भोगीला तीळ लावलेली भाकरी थापायच्या आधी, या थंडीत बाजरी घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला एवढे विचारा: वाण कोणता?