रुळांचा सांधा

अजनी मागे टाकून आगगाडी नागपूर स्थानकात शिरू लागली, की तिची चाल मंदावते. तोपर्यंत एका सुरात चाललेला चाकांचा आवाज एकाएकी बदलतो. खडखड, खडखड असा ध्वनी उठतो, डबा किंचित हेलकावतो आणि खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या मुलास असे दिसते, की शेजारचा रूळ हळूहळू जवळ सरकत आला आणि आपल्या गाडीखाली नाहीसा झाला. क्षणभराने आवाज पूर्ववत होतो. प्रवासी आपले सामान आवरू लागतात व सहज म्हणतात, “गाडीने सांधे बदलले.”

नागपुरास असे सांधे पुष्कळ आहेत. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ साली या शहरास येऊन पोहोचला. पुढे एकामागून एक मार्ग येथे येऊन मिळाले. आज मुंबई व चेन्नई येथून येणाऱ्या गाड्या दक्षिणेकडून अजनीवरून नागपुरात येतात. दिल्लीच्या गाड्या इटारसीवरून, म्हणजे उत्तरेकडून येतात आणि हावड्याच्या गाड्या गोंदियावरून, म्हणजे पूर्वेकडून येतात. कोणती गाडी कोणत्या फलाटावर जावी, कोणती मालगाडी बाजूच्या मार्गावर उभी राहावी आणि कोणती न थांबता पुढे निघून जावी, याची व्यवस्था येथे रात्रंदिवस चालू असते.

बैलगाडीवानाच्या हाती कासरा असतो. मोटारीच्या चालकापुढे चक्र असते. आगगाडीच्या चालकापुढे मात्र गाडी वळविण्याचे कोणतेही साधन नसते. त्याला वेग वाढविता येतो, वेग कमी करता येतो आणि गाडी थांबविता येते. परंतु डावीकडे अथवा उजवीकडे वळणे त्याच्या स्वाधीन नसते. मग ही प्रचंड गाडी वळते तरी कशी?

याचे उत्तर चाकात आणि रुळात आहे. आगगाडीच्या चाकाच्या आतल्या अंगास एक उंच कडा असते. चाक रुळाच्या माथ्यावरून फिरते आणि ही कडा रुळाच्या आतल्या बाजूला खाली उतरलेली असते. भारतातील रुंदमापी मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. त्या अंतरात दोन्ही चाकांच्या कडा जणू कोंडलेल्या असतात. चाक बाहेर जाऊ लागले, तर कडा रुळास टेकते आणि रूळ तिला परत आत लोटतो. म्हणून रूळ जिकडे वळेल तिकडे चाकही वळते. अर्थात गाडी वळवावयाची असेल, तर गाडीपूर्वी रूळच वळविला पाहिजे. हे काम करणारी युक्ती म्हणजे सांधा.

सांध्याची रचना फारशी गुंतागुंतीची नाही. एक सरळ मार्ग आहे व त्यातून डावीकडे एक फाटा फुटला आहे, अशी कल्पना करावी. बाहेरचे दोन्ही रूळ आपल्या जागी पक्के बसविलेले असतात. त्यांच्यामध्ये दोन हलणारे रूळ असतात. यांचे टोक तासून इतके निमुळते केलेले असते, की ते बाहेरच्या रुळास अगदी बिलगून बसू शकते. या निमुळत्या रुळांना जिभा म्हणतात. दोन्ही जिभा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यामुळे एक जीभ आपल्या बाजूच्या रुळास चिकटली, की दुसरी आपल्या बाजूच्या रुळापासून दूर होते आणि तेथे सुमारे ११ ते १२ सेंटिमीटरांची फट पडते.

आता गाडी डावीकडे न्यावयाची आहे. अशा वेळी उजवी जीभ उजव्या रुळास चिकटवितात. उजव्या चाकाची कडा त्या जिभेच्या आतल्या अंगास लागते आणि जीभ तिला हळूहळू डावीकडे ढकलीत नेते. डाव्या बाजूस फट उघडी असल्यामुळे डाव्या चाकाची कडा तीतून निर्वेध जाते व ते चाक बाहेरच्या वळत्या रुळाचा मार्ग धरते. गाडी सरळ न्यावयाची असली, तर याच्या उलट करतात. डावी जीभ मिटते, उजवी उघडते आणि गाडी सरळ निघून जाते.

एवढ्याने सर्व भागत नाही. थोडे पुढे गेल्यावर फाट्याचा एक रूळ सरळ मार्गाच्या एका रुळास छेदतो. तेथे रुळांची फुली होते. चाकाची कडा पलीकडे जावी म्हणून या फुलीच्या जागी रुळात खाच ठेवावी लागते. खाचेवरून जाताना चाक भलत्याच वाटेला लागू नये म्हणून समोरच्या रुळालगत आणखी एक आखूड रूळ बसवितात. तो दुसऱ्या चाकाला धरून ठेवतो आणि एकाच आसावर बसविलेली दोन्ही चाके योग्य मार्गाने जातात. गाडीतील प्रवाशास ऐकू येणारी खडखड पुष्कळशी या खाचेवरूनच उठते.

रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामगाडीलाही असाच सांधा लागतो. परंतु त्याची रचना थोडी निराळी असते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आगगाडीचे रूळ जमिनीच्या वर उचललेले असतात. ट्रामचे रूळ तसे ठेवले असते, तर टांगे, हातगाड्या व पादचारी यांना रस्ता ओलांडणे अवघड झाले असते. म्हणून ट्रामचे रूळ रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसवितात आणि चाकाच्या कडेसाठी रुळातच एक खोबण ठेवतात.

ट्रामच्या सांध्याची जीभ या खोबणीतच हलते. अनेक ठिकाणी एकाच बाजूच्या रुळाला जीभ असे व दुसरी बाजू स्थिर असे. ट्राम हळू चालणारी आणि हलकी असल्यामुळे तेवढ्याने काम भागे. जीभ हलविण्याची रीतही अगदी साधी होती. चालक गाडी थांबवी, लोखंडी पहार घेऊन खाली उतरे, पहारेचे टोक खोबणीत घालून जीभ एका बाजूस सारी आणि पुन्हा गाडीवर चढे. गजबजलेल्या चौकात या कामासाठी निराळा माणूस उभा करीत. रस्त्याखालच्या लोखंडी पेटीत बसविलेली कमान अथवा वजन त्या जिभेला सारलेल्या बाजूसच घट्ट धरून ठेवी. घोड्यांच्या ट्रामला तर काही ठिकाणी जिभेचीही गरज भासत नसे. हाकणारा घोड्यांना ज्या बाजूस ओढी, त्या बाजूच्या खोबणीत चाके आपोआप उतरत.

एकाच मार्गावरून दोन्ही दिशांच्या ट्रामगाड्या जात असतील, तर समोरासमोर आलेल्या गाड्यांनी एकमेकींस वाट कशी द्यावी? यासाठी मध्येच थोड्या अंतरापुरते दोन मार्ग करीत व दोन्ही टोकांस कमानीचे सांधे बसवीत. कमानीमुळे जीभ नेहमी एकाच बाजूस राही, म्हणून येणारी प्रत्येक गाडी आपल्या डाव्या मार्गावर जाई. पलीकडच्या टोकाने बाहेर पडताना गाडीची चाकेच जिभेला बाजूस सारीत आणि गाडी गेल्यावर कमान तिला पूर्वीच्या जागी आणून बसवी. येथे सांधा बदलण्यास माणसाची गरजच नसे. मात्र रस्त्यावरची माती, खडे आणि पावसाचे पाणी खोबणीत साचत असे. एखादा खडा जिभेत अडकला, की ती पुरती मिटत नसे. म्हणून सांधे नित्य झाडून, धुऊन स्वच्छ ठेवावे लागत.

मंद चालणाऱ्या ट्रामच्या बाबतीत ही चूक कदाचित थोडक्यावर निभावेल. शेकडो टन वजनाची आगगाडी वेगाने येत असता तसे होणार नाही. जीभ अर्धवट मिटलेली राहिली, तर चाकाची कडा जीभ व रूळ यांच्या फटीत शिरेल आणि गाडी रुळावरून घसरेल. जीभ पुरती मिटलेली, पण भलत्याच बाजूस असली, तर गाडी दुसऱ्या गाडीच्या मार्गावर जाईल.

पूर्वी आगगाडीचे सांधेही माणूसच हाताने बदली. त्यास सांधेवाला म्हणत. ऊन असो, पाऊस असो, हाती हिरवे-तांबडे कंदील घेऊन तो सांध्यापाशी उभा राही आणि गाडी येण्यापूर्वी दांडा ओढून जीभ फिरवी. तो कितीही दक्ष असला, तरी शेवटी माणूसच. रात्रीच्या जागरणाने त्याचा डोळा लागू शके. धुक्यात एक गाडी तिसरीच वाटू शके. सिग्नल एका माणसाच्या हाती आणि सांधा दुसऱ्याच्या हाती असला, म्हणजे तर चुकीचा संभव अधिकच वाढे.

या संकटावर उपाय शोधणाऱ्यांमध्ये इंग्लंडमधील जॉन सॅक्स्बी हा एक प्रमुख होता. १८५६ साली त्याने सांधे आणि सिग्नल एकत्र चालविण्याच्या आपल्या योजनेचे एकस्व मिळविले. तिच्यातून पुढे जी पद्धत वाढली, तिला इंटरलॉकिंग म्हणतात. सांध्यांचे व सिग्नलांचे सर्व दांडे एकाच केबिनमध्ये एका ओळीत बसविले जाऊ लागले. त्यांच्याखाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या असत. सांधा योग्य बाजूस फिरून पक्का बसल्यावाचून सिग्नलचा दांडा जागचा हलत नसे. कारण एक पट्टी दुसरीच्या खाचेत अडकलेली असे. एकदा सिग्नल दिला, की सांध्याचा दांडा तसाच जखडला जाई. दांडा ओढणाऱ्याने चूक करावयाचे ठरविले, तरी यंत्रच त्यास ती करू देत नसे.

आज पुष्कळ ठिकाणी लोखंडी दांड्यांची जागा विजेच्या मोटारींनी व संगणकांनी घेतली आहे. पण तत्त्व तेच आहे. जीभ रुळास पुरती टेकली आहे की नाही, याची खात्री करण्यासाठी कर्मचारी त्या दोहोंमध्ये अवघा ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा ठेवून पाहतात. एवढी फट राहिली, तरी सांधा पक्का झाला असे यंत्राने मानता कामा नये आणि सिग्नल मिळता कामा नये.

इतकी काळजी कशासाठी, याचे दुःखद उत्तर २ जून २०२३ रोजी मिळाले. ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात चेन्नईकडे निघालेल्या कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ मार्गाचा सिग्नल मिळाला. परंतु सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. त्या मार्गावर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल एक्सप्रेस तीवर आदळली, आणि तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीस लागले. २९० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. सिग्नल यंत्रणेच्या तारांची जोडणी करताना झालेल्या चुकांमुळे हे घडले, असे चौकशीत आढळून आले. सांधा काय करीत आहे आणि सिग्नल काय सांगत आहे, या दोहोंचा मेळ तुटला होता.

नागपूर स्थानकाजवळ लोहमार्गांची आणखी एक प्रसिद्ध रचना आहे. तिला डायमंड क्रॉसिंग म्हणतात. येथे पूर्वेकडचे रूळ व उत्तर-दक्षिण जाणारे रूळ जवळजवळ काटकोनात एकमेकांस छेदतात. या ठिकाणी हलणारी जीभ नसते. गाडी आली त्या दिशेने सरळ पलीकडे जाते. तिला येथे वळता येत नाही. चारही कोपऱ्यांवर चाकांच्या कडांसाठी खाचा असतात व त्यांवरून जाताना चाकांचे मोठे आघात होतात. म्हणून येथील रुळांची निगा फार काळजीपूर्वक राखावी लागते. एका मार्गाची गाडी पलीकडे जात असता दुसऱ्या मार्गाच्या गाडीस सिग्नल मिळूच नये, ही व्यवस्थाही इंटरलॉकिंगच करते.

याच शहरात या प्रश्नाचे निराळे उत्तरही पाहावयास मिळते. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. तिचा उत्तर-दक्षिण मार्ग व पूर्व-पश्चिम मार्ग सीताबर्डी येथे एकत्र येतात. परंतु ते एकमेकांस छेदीत नाहीत. एक मार्ग दुसऱ्याच्या वरून जातो. गड्डीगोदामजवळ तर सर्वांत खाली रस्ता, त्यावर आगगाडीचा मार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर दिसतात. मार्ग वेगवेगळ्या उंचीवर असले, म्हणजे टक्कर होण्याची भीतीच उरत नाही. तरीही मेट्रोची गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यावयाची झाली, की तेथेही तीच निमुळती जीभ आपले काम करते.

गाडी सांध्यावर येऊन पोहोचल्यावर काहीही ठरविता येत नाही. जे ठरवावयाचे, ते तिच्या येण्यापूर्वीच ठरलेले, पक्के झालेले आणि तपासलेले असावे लागते. रुळांवर काम करणारे कर्मचारी भर उन्हात आणि मध्यरात्री सांध्यांस तेल घालतात, खडे वेचतात, जिभेची फट मोजतात. गाडी स्थानकात शिरते तेव्हा ते बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. खडखड असा आवाज होतो, डबा किंचित हेलकावतो आणि गाडी सुखरूप आपल्या फलाटास लागते.