घरातील नागवेल

म्हैसूर शहरातून नंजनगूडकडे जाणाऱ्या मार्गाच्या आसपास एके काळी पानमळ्यांची दाट छाया पसरलेली असे. नागवेल प्रथम राजवाड्याच्या बागेत जोपासली गेली आणि पुढे जुन्या अग्रहारापासून विद्यारण्यपुरमपर्यंत सुमारे शंभर एकर जमिनीवर तिचे मळे उभे राहिले, असे सांगितले जाते. या मळ्यांतील पान कन्नड भाषेत ‘मैसूरु चिगुरेले’, म्हणजे म्हैसूरचे कोवळे पान, या नावाने ओळखले जाते. गुळगुळीत स्पर्श व तिखट चव हे त्याचे विशेष होत. १९९९ साली संमत झालेल्या कायद्यान्वये या पानास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही लाभले आहे. परंतु दरम्यानच्या काळात शहर वाढत गेले आणि अनेक मळ्यांच्या जागी घरे उभी राहिली. मळ्यातून हटलेली ही वेल घराच्या खिडकीशी, एका कुंडीत जगू शकेल काय? जगू शकेल, मात्र मळा तिला काय देत होता, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

वेलीचा स्वभाव

नागवेल ही मिऱ्याच्या वेलीची सख्खी बहीण होय. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला ‘पायपर बीटल’ हे शास्त्रीय नाव दिले. तिचे मूळ स्थान आग्नेय आशियातील उष्ण व दमट प्रदेश मानले जाते. तेथील अरण्यात ती मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते आणि त्यांच्या खोडांचा आधार घेत वर चढते. तिच्या प्रत्येक पेरापाशी आखूड आगंतुक मुळे फुटतात. त्यांच्या योगाने ती आधारास घट्ट चिकटून राहते. ही वेल वृक्षाचा रस शोषीत नाही. तिला हवा असतो तो केवळ आधार व सावली.

पानमळा ही वस्तुतः या अरण्याची मनुष्याने केलेली प्रतिकृती आहे. शेवरी, हादगा, पांगारा किंवा शेवगा यांसारखी झाडे लावून त्यांवर वेल चढविली जाते. झाडांच्या विरळ पानांतून ऊन गाळून येते, वारा अडतो आणि वारंवार दिलेल्या पाण्यामुळे आतील हवा दमट राहते. मिरज तालुक्यातील किंवा रामटेकच्या पानमळ्यात भर उन्हाळ्यातही पाऊल टाकताच जो गारवा जाणवतो, त्याचे कारण हेच होय. घरात वेल लावणाऱ्याने याच गोष्टी लहान प्रमाणावर घडवून आणावयाच्या असतात.

प्रकाश आणि हवा

दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे एक लक्ष लक्स इतका प्रकाश असतो. खोलीच्या मध्यभागी मात्र तो कित्येकदा काही शे लक्सच भरतो. आपल्या डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, पण वेलीला जाणवतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तिची पेरे लांबत जातात, पाने लहान व फिकट होतात आणि शेंडा खिडकीकडे झुकतो. प्रकाशासाठी चाललेली ती तिची धडपड असते. मनीप्लँटची वेल अशा कोपऱ्यातही दिवस काढते. नागवेल तितकी सोशीक नाही. म्हणून तिची कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवणे उत्तम. सकाळचे कोवळे ऊन तिला मानवते. दुपारच्या प्रखर उन्हाने मात्र पाने करपतात.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवामान सौम्य असते. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र हिवाळ्यातील थंडी व उन्हाळ्यातील कोरडा वारा या दोहोंपासून वेलीचे रक्षण करावे लागते. उष्णमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिची वाढ मंदावते. कोरड्या दिवसांत पानांवर सकाळी पाणी शिंपडावे आणि कुंडीच्या शेजारी इतर झाडांच्या कुंड्या ठेवाव्यात. पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पामुळे ती एकमेकांभोवतीची हवा थोडीफार दमट राखतात. पंख्याचा झोत वेलीवर येऊ देऊ नये.

पाण्याचे पथ्य

घरातील नागवेल बहुधा पाण्याच्या अभावाने मरत नाही, अतिरेकाने मरते. त्याचे कारण मोठे उद्‌बोधक आहे. १९१३ साली जहांगीर फरदुनजी दस्तूर या भारतीय शास्त्रज्ञाने एरंडावरील एका रोगकारक जीवाचे वर्णन करून त्याला ‘फायटॉप्थोरा पॅरासिटिका’ असे नाव दिले. हाच जीव पानवेलीच्या मुळांवर व बुडख्यावर हल्ला करतो आणि हिरवीगार वेल थोड्याच दिवसांत कोमेजून जाते. शेतकरी याला ‘मर’ म्हणतात. दिसण्यात हा जीव बुरशीसारखा असला, तरी खऱ्या बुरशीपेक्षा तो तपकिरी शैवालांना जवळचा आहे, असे आज मानले जाते. त्याचे बीजाणू सूक्ष्म शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. मातीच्या कणांमध्ये पाणी साचून राहिले, की त्यांना मुळांपर्यंत पोहोचण्याचा जलमार्गच मिळतो. शिवाय हवेअभावी गुदमरलेली मुळे रोगाचा प्रतिकारही करू शकत नाहीत.

म्हणून कुंडीला मोठे छिद्र असावे. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण घ्यावे. बोट मातीत खुपसून पाहावे. वरचा थर सुकू लागला असेल तरच पाणी द्यावे. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. वेलीच्या आधारासाठी काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी आणि काथ्या ओलसर ठेवावा, म्हणजे पेरांची मुळे त्यात शिरतील. पानाखाली खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पाने पुसावीत. ही पाने खाण्यात येत असल्याने विषारी औषधे फवारू नयेत.

एका वेलीपासून अनेक

नागवेलीत नर व मादी वेली निरनिराळ्या असतात आणि आपल्याकडील मळ्यांत बी क्वचितच धरते. तिची लागवड बेण्यानेच होते. पावसाळ्याच्या आरंभी निरोगी वेलीच्या शेंड्याकडील, तीन ते पाच पेरांचा तुकडा घ्यावा. तो चढणाऱ्या मुख्य वेलीचा असावा. बाजूच्या फांदीचा नसावा. दोन पेरे मातीत पुरून कुंडी सावलीत ठेवावी. काही आठवड्यांत नवी पालवी फुटते.

या रीतीने वाढविलेली प्रत्येक वेल मूळ वेलीचाच अंश असते. बी साठवून ठेवता येत नसल्यामुळे पानाची एखादी जात टिकते ती केवळ कोणीतरी ती लावीत राहिल्यामुळे. ज्या दिवशी तिची शेवटची वेल सुकेल, त्या दिवशी ती जात संपेल. कुंडीतील पानाला म्हैसूरच्या मळ्यातील पानाची चव येईलच असे नाही; चव ही माती, पाणी व हवा यांच्यावरही अवलंबून असते आणि घरी पिकविलेल्या पानास ते संरक्षित नावही लावता येणार नाही. तथापि वेलीचा वंश मात्र तोच राहील. शाळेच्या व्हरांड्यातील एका कुंडीतून दर वर्षी चार मुलांना एकेक बेणे मिळाले, तरी थोड्याच वर्षांत ती वेल गावातील कितीतरी घरांत पोहोचेल. पानमळा परत आणणे कोणा एकाच्या हाती नाही. पण त्याचे बेणे जपणे मात्र प्रत्येक घराला साधण्यासारखे आहे.