खोतीचे बिल आणि रत्नागिरीचे दोन सभासद

आपल्या जिल्ह्यात सात-बाराचा उतारा पेटीत जपून ठेवणारे शेतकरी पुष्कळ आहेत. परंतु त्या उताऱ्यावर आपल्या आज्याचे किंवा पणज्याचे नाव कोणत्या वाटेने चढले, याचा विचार करणारे थोडेच आढळतात. ती वाट मामलेदार कचेरीतून गेली हे खरे. पण तिचा आरंभ मतदानाच्या पेटीपासून झाला. १९३७ साली रत्नागिरी जिल्ह्याने मुंबई कायदेमंडळात पाठविलेल्या सभासदांपैकी अनंत विनायक चित्रे व शामराव विष्णु परुळेकर या दोघांची हकीकत म्हणूनच आम्ही येथे देत आहोत. दोघेही स्वतंत्र मजूर पक्षाचे. सरकारपक्षाचे बळ त्यांच्या पाठीशी नव्हते, आणि ज्या बिलासाठी कुळांनी त्यांस मते दिली ते बिल त्यांच्या मुदतीत मंजूर झाले नाही. तरीही आमच्या मते जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासात या निवडणुकीइतकी महत्त्वाची निवडणूक दुसरी झाली नाही.

आजच्या तरुण वाचकांस खोती म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खोत हा गावचा सारा सरकारात भरण्यास जबाबदार असलेला वतनदार. गावातील धारेकरी ठरलेला धाराच देई व आपल्या जमिनीवर पक्का असे. त्याच्या खाली कायम कुळे, आणि सर्वांच्या खाली नुसती वहिवाटीची कुळे. ही शेवटची कुळे अर्धेलीने व तिर्धेलीने जमीन करीत. म्हणजे भातखाचराच्या पिकाचा अर्धा वाटा आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरीचा तिसरा वाटा खोताच्या घरी पोहोचवावयाचा. उभ्या पिकाची अभावणी करण्यास खोताची माणसे शेतावर येत, आणि त्यांनी केलेला अंदाज हाच पुढे कुळाच्या डोक्यावर बसे. पाऊस मागाहून दगा देवो की भात पडो, अंदाज बदलण्याची खात्री नसे. याशिवाय वेठ होती ती निराळीच. १८८० साली सरकारने खोती कायदा करून या हक्कांस लेखी स्वरूप दिले, आणि जे कूळ १८४५ च्या आधीपासून जमीन करीत असल्याचे शाबीत होईल तेवढेच कायम मानले. निरक्षर कुळाने पस्तीस वर्षांपूर्वीचा पुरावा कोठून आणावा?

येथे खोतांस न्याय देण्यासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खोत म्हणजे सारेच वाड्यात राहणारे श्रीमंत नव्हते. पिढ्यानुपिढ्या वाटण्या होऊन एकेका गावच्या खोतीत अनेक वाटेकरी झाले होते, आणि त्यांतील कित्येकांचा वाटा पोटापुरताही उरला नव्हता. आमच्या वाचकांत खोत घराण्यांतील सद्गृहस्थ आहेत तसेच कुळांच्या घरांतीलही आहेत. दोघांच्या घरी या विषयाच्या आठवणी भिन्न असणार हे आम्ही जाणतो.

आता मताचा प्रश्न. जुन्या कौन्सिलात कुळाचा आवाज पोहोचण्याचा मार्गच नव्हता. आपल्या जिल्ह्यातील मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८७४ साली मुंबई कौन्सिलात गेले ते सरकारनियुक्त म्हणून. ते स्वतः खोत घराण्यातील, आणि खोतांची बाजू त्यांनी विद्वत्तेने मांडली. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कौन्सिलात निवडून आले, पण त्यांस मत देणारे लोकलबोर्डांचे सभासद होते, शेतकरी नव्हेत. टिळकांच्या घराण्याचा दापोलीजवळच्या चिखलगावच्या खोतीत वाटा होता, आणि शतकाच्या अखेरीस खोती कायद्याच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांच्या लेखणीने खोतांचाच पक्ष घेतला. परक्या सरकारने जुने हक्क मोडू नयेत, ही त्यांची भूमिका होती. ती भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु कुळाची बाजू सांगणारा तोलाचा माणूस त्या वेळी सभागृहात एकही नव्हता, आणि तो नसण्याचे कारण मताधिकारात होते.

१९१९ च्या सुधारणांनी मताचा अधिकार साऱ्यावर ठरविला. इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये साऱ्याची अट होती. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात ती १६ रुपयांवर आणिली. परंतु मत मिळे ते स्वतःच्या हक्काने जमीन धारण करणाऱ्यास किंवा कायम कुळास. खोत व खोतीतील वाटेकरी यांची नावे यादीत होतीच. अर्धेलीचे कूळ मात्र त्या यादीच्या बाहेर राहिले. १९३५ च्या कायद्याने ही अट ८ रुपयांवर आली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालकाबरोबर कुळासही मत मिळाले. आठ रुपये साऱ्याची जमीन करणारे कूळ लहान नव्हे. दोन-चार खाचरे करणाऱ्या गरिबास मत मिळाले नाहीच. तरी खोताच्या अंगणात उभा राहणारा मनुष्य आणि खोत हे दोघे एकाच यादीत प्रथम आले ते या वेळी.

मत देण्याची रीतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या वेळचा जिल्हा आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग धरून होता, आणि त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ केले होते. प्रत्येक मतदारसंघात जागा एकाहून अधिक. मतदारास जितक्या जागा तितकी मते मिळत, आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा मुंबई इलाख्यात होती. विखुरलेल्या पण एकदिलाच्या लोकांस ही रीत फार उपयोगी पडली. आपली सर्व मते एकावरच टाकावी, हे ज्या गावकऱ्यांस समजले त्यांनी अर्धी लढाई तेथेच जिंकली.

परंतु मत मिळाले म्हणून उमेदवार आपोआप उगवत नाही. त्याची पेरणी आधीपासून चालली होती. १९२९ च्या एप्रिल महिन्यात चिपळूण येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली व त्याच वेळी शेतकऱ्यांचीही सभा झाली. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे; त्यांचे बालपण काही काळ दापोलीत गेले. खोताच्या गावात राहणे म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून जमिनी कसण्याचे थांबविले, आणि तो संप वर्षानुवर्षे चालला. पीक न घेता कुटुंब जगविणे किती कठीण, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

अनंतराव चित्रे हे याच चळवळीतून पुढे आलेले. कायस्थ प्रभू कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थांनी १९२७ च्या महाडच्या परिषदेत चवदार तळ्यावर जाण्याची सूचना मांडली, हे सर्वश्रुत आहे. अस्पृश्य व कुणबी कुळांनी एका सतरंजीवर बसावे यासाठी त्यांनी गावोगाव खटपट केली. शामराव परुळेकर यांची जडणघडण वेगळी. १९०२ साली जन्मलेले हे विद्वान गृहस्थ भारत सेवक समाजात होते. हा समाज ज्यांनी १९०५ साली स्थापिला ते नामदार गोखले गुहागर तालुक्यातील कोतळूकचे, हा योगायोग आम्हांस सहज आठवला. गोखल्यांच्या मवाळ शाळेतला विद्यार्थी पुढे कुळांच्या मोर्चात उभा राहील, असे त्या काळी कोणी भाकीत केले नसते.

स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाला, आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मतदान झाले. तयारीस सहा महिने मिळाले. तरी पक्षाचे बहुसंख्य उमेदवार निवडून आले आणि बाबासाहेब स्वतः मुंबईतून विजयी झाले. रत्नागिरीतून चित्रे व परुळेकर यांस निवडून देणाऱ्यांत केवळ शेतकरीच होते असे समजू नये. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा एक पाय गिरणगावात असे. भावाने परळच्या गिरणीत राबावे आणि त्याच्या मनिऑर्डरीने गावी सरकारचे व खोताचे देणे भागवावे, हा कोकणचा परिपाठ होता. त्यामुळे मजुराचा पक्ष हा येथे आपोआप कुळाचाही पक्ष झाला. आमच्या मते या विजयाचे खरे कारण हेच.

१९३७ च्या जुलैत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खेर यांचा जन्म रत्नागिरीचाच. दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. बिलाचा आशय सरळ होता: खोत हा मधला अधिकारी दूर करावा, प्रत्यक्ष जमीन धारण करणाऱ्यास १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदार मानावे, आणि खोतास वाजवी नुकसानभरपाई द्यावी. हक्क लुबाडण्याचा आरोप त्यावर पुढे झाला, परंतु भरपाईचे कलम वाचणाऱ्यास तो टिकणारा दिसत नाही.

बिल मांडणे वेगळे आणि ते मंजूर होणे वेगळे. १७५ सभासदांच्या त्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे बळ पंधरांच्या आसपास. बिनसरकारी बिलांस दिवस थोडे, आणि सरकारपक्षाची मर्जी नसेल तर ते दिवसही सरून जातात. शेतात बी पेरले पण पाटाचे पाणी दुसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती होती. म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी कुळे स्वतःच मुंबईस आली. कोकणातून व इतर जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, त्यात बाबासाहेबांबरोबर परुळेकर व इंदुलाल याज्ञिक होते. मोर्च्यातील बहुतेकांस मताचा अधिकार नव्हता. ज्यांस मत नव्हते ते पायी येऊन, ज्यांस मते मिळाली होती त्या सभासदांच्या पाठीशी उभे राहिले. मुख्य मंत्री खेर यांनी शिष्टमंडळाची भेट घेतली. सहानुभूती मिळाली, बिल मात्र पुढे सरकले नाही.

सरकारने कुळांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३९ साली मुंबई कुळकायदा झाला, त्यात सहा वर्षे जमीन करणाऱ्या कुळास संरक्षण देण्याची तरतूद होती. परंतु तो प्रथम थोड्याच भागांस लागू करावयाचा होता, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रांत गव्हर्नरच्या हाती गेला. सभागृह भरेनासे झाले, त्याबरोबर खोतीचे बिलही कागदातच राहिले. चित्रे व परुळेकर यांस सभासद म्हणून प्रत्यक्ष काम करावयास मिळाले ते जेमतेम अडीच वर्षे.

परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि ठाणे जिल्ह्यातील वारली शेतमजुरांमध्ये, पत्नी गोदावरीबाईंसह, त्यांनी काम केले. १९५७ साली ते ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच वारले. त्यांची सर्व मते आम्हांस पटतात असे नाही. परंतु दक्षिणेत कुळे आणि उत्तरेत वारली, अशा कोकणच्या दोन्ही टोकांच्या कसणाऱ्यांसाठी झिजलेला सभासद दुसरा दाखविता येत नाही.

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसला मोठे बहुमत मिळाले आणि खेर यांचेच मंत्रिमंडळ पुन्हा आले. १९४८ साली नवा कुळकायदा झाला. पाठोपाठ १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा होऊन तो १५ मे १९५० पासून अंमलात आला. ज्या पक्षाने १९३७ चे बिल पुढे जाऊ दिले नाही, त्याच पक्षाच्या हातून हे काम झाले. याचे श्रेय कोणास द्यावे यावर अजूनही वाद घालतात. आमचे मत असे की, १९३७ ते १९३९ या काळात खोतीचा प्रश्न सभागृहात व रस्त्यावर इतका स्पष्ट मांडला गेला होता की, पुढे कोणत्याही सरकारास तो टाळता आला नसता.

या कायद्याने धारेकरी व कायम कुळांचा सरकारशी सरळ संबंध जोडला. साध्या कुळांचे काम मात्र त्याने पुरे झाले नाही. त्यांस मालकी मिळण्याचा मार्ग १९५६ च्या कुळकायदा दुरुस्तीने खुला झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्यानंतरही हक्कनोंदीच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. वरकस जमिनीच्या बाबतीत तर विशेषच. कारण डोंगरउतारावर आलटून-पालटून पीक घेणाऱ्याची वहिवाट कागदावर दाखविणे कठीण.

हा फरक बागाईतदारास सर्वांत चांगला कळेल. हापूसचे कलम लावून त्याचे भरघोस उत्पन्न हाती यावयास आठ-दहा वर्षे लागतात. ज्यास पुढील वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील की नाही याचीच शाश्वती नाही, तो कलम कशास लावील? तो नाचणीच पेरणार. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागांस अनुदान मिळू लागले तेव्हा कातळावर सुरुंग लावून खड्डे खणणाऱ्यांत जुन्या कुळांचे नातू पुष्कळ होते, आणि अर्जाबरोबर जोडावयाचा पहिला कागद सात-बारा हाच होता.

ज्या वाचकांच्या घरी जुने दप्तर असेल त्यांनी १५ मे १९५० नंतरचे फेरफार एकदा काढून पाहावे. खोताचे नाव कोठे कमी झाले, आपले कोणत्या हक्काने लागले आणि १९५७ नंतर त्यात काय बदल झाला, हे त्या दोन-चार ओळींत सापडेल. कागद जीर्ण झाले असल्यास तहसील कचेरीतून त्यांच्या नकला घेऊन ठेवाव्या.